पुरुष प्रजननमार्गात एचआयव्ही : शिरकाव, ठाणे आणि प्रतिबंध

नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात; एचआयव्हीचे विषाणू मात्र असू शकतात. नसबंदीमुळे गर्भधारणा टळते, संसर्ग टळत नाही. या फरकाचे कारण विषाणू पुरुषाच्या प्रजननमार्गात कोठून शिरतो आणि कोठे ठाण मांडतो, यात दडलेले आहे.

मानवातील एचआयव्ही-१ व एचआयव्ही-२ आणि माकडांमधील एसआयव्ही हे एकाच कुळातील विषाणू आहेत. पृष्ठभागावर सीडी-४ हे प्रथिन असलेल्या पेशी, म्हणजे प्रामुख्याने टी-पेशी आणि मॅक्रोफेज, हे त्यांचे लक्ष्य असते.

प्रवेशद्वार

शरीरावरील सर्वसाधारण त्वचेला केराटिनच्या थराचे संरक्षण असते. शिश्नाग्रावरील सैल त्वचेच्या आतील बाजूस हा थर तुलनेने विरळ असतो आणि विषाणूला ग्रहण करणाऱ्या लँगरहान्स पेशी व टी-पेशी पृष्ठभागालगत आढळतात. मूत्रमार्गाचे अस्तर हे दुसरे द्वार होय. गरमी, नागीण यांसारख्या लैंगिक आजारांच्या जखमा असल्यास प्रवेश अधिक सुकर होतो. कारण तेथे अस्तर फाटलेले असते आणि लक्ष्यपेशीही एकवटलेल्या असतात.

या संदर्भात पुण्यातील निरीक्षण महत्त्वाचे ठरले. भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या सहभागाने, पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या २,२९८ एचआयव्हीमुक्त पुरुषांचा पाठपुरावा करण्यात आला. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुंता झालेल्या पुरुषांमध्ये एचआयव्ही-१ बाधेचा धोका सुमारे एक षष्ठांश होता. गरमी, परमा व जननेंद्रियाची नागीण यांच्याबाबत मात्र असे संरक्षण दिसले नाही. फरक केवळ वर्तनाचा असता, तर तो या आजारांतही दिसला असता. त्यामुळे त्वचेच्या जैविक भूमिकेला पुष्टी मिळाली. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषांना स्त्रीकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे संरक्षण अंशतःच असल्याने निरोधची गरज त्यानंतरही संपत नाही.

विषाणूचे ठाणे

शरीरात पसरल्यावर विषाणू रक्तावाटे वृषण, अधिवृषण, वीर्यकोश आणि पुरस्थ ग्रंथी येथे पोहोचतो. एसआयव्हीबाधित माकडांच्या या अवयवांत बाधित पेशी आढळल्या आहेत. वीर्यातील द्रवाचा मोठा भाग वीर्यकोश व पुरस्थ ग्रंथीत तयार होतो. नसबंदीत कापली जाणारी शुक्रवाहिनी त्यांच्या अलीकडे असते. त्यामुळे वृषणाकडील वाट बंद झाली, तरी विषाणूची वाट खुली राहते.

वीर्यात विषाणू मुक्त स्वरूपात तसेच बाधित पांढऱ्या पेशींत असतो. मूत्रमार्गाचा दाह असल्यास त्याचे प्रमाण वाढते. मलावी येथील १९९७ च्या अभ्यासात असा दाह असलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या वीर्यातील विषाणूभार सुमारे आठपट आढळला आणि दाहावरील उपचारानंतर तो घटला. शुक्राणू स्वतः विषाणूची वाढ करणारी पेशी नव्हे. याच आधारावर वीर्यद्रव व पांढऱ्या पेशी वेगळ्या करून शुक्राणू ‘धुण्याचे’ तंत्र विकसित झाले आणि बाधित पुरुषांना सुरक्षित पितृत्वाचा मार्ग मिळाला.

उपचाराची कसोटी

एचआयव्हीविरोधी औषधांनी रक्तातील व वीर्यातील विषाणूभार झपाट्याने उतरतो. पुण्यासह नऊ देशांतील केंद्रांवर, एकाच जोडीदाराला बाधा असलेल्या १,७६३ जोडप्यांचा ‘एचपीटीएन ०५२’ हा अभ्यास झाला. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९३ टक्क्यांनी घटतो, असे त्याच्या २०१६ मधील अंतिम निष्कर्षांत दिसले. रक्तातील विषाणूभार चाचणीत न आढळण्याइतका कमी राहिल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता सर्वमान्य आहे.

तरीही ठाणी पूर्णपणे उठत नाहीत. औषधे चालू असतानाही मूत्रमार्गातील मॅक्रोफेजमध्ये सुप्त विषाणू आढळला आहे. वृषणात काही औषधे पुरेशी पोहोचत नाहीत. गोळ्या थांबवल्यास विषाणू बहुधा काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. म्हणूनच उपचार आजन्म व अखंड घ्यावे लागतात.

महाराष्ट्र व कर्नाटकासह सहा राज्यांत १ एप्रिल २००४ पासून सुरू झालेले मोफत उपचार आता देशभरातील एआरटी केंद्रांत मिळतात. चाचणी व उपचारांची माहिती १०९७ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे.