फियाटचं बिल

आमच्या आजोबांची फियाट 1986 सालची. आरसी बुकात 'प्रीमियर पद्मिनी' लिहिलंय, पण घरात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही. परवा गॅरेजवाल्या काकांनी खाली बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे रे, पण तळ गेलाय." पत्राकामाचा अंदाज साठ हजार! बाबा म्हणाले, विकून टाक.

विकायची की नाही हे ठरवायच्या आधी म्हटलं, हे बिल आलं कुठून ते तरी बघू.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांची 1944 सालची कंपनी, कारखाना कुर्ल्याला. तिथे 1964 पासून इटालियन डिझाइनची फियाट 1100 डिलाइट बनू लागली. 1974 च्या सुमारास तिचं नाव पद्मिनी झालं. नाव बदललं, गाडी जवळजवळ तीच राहिली. तेच 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तोच गिअर. लायसन्स राजमध्ये नवीन मॉडेल काढायला परवानगी हवी, परदेशी यंत्रांना परकीय चलन हवं. आणि गिऱ्हाईक तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेलंच! मग बदलायचं कशाला?

त्यामुळे गाडीबरोबर तिचे आजारही गोठले. मे महिन्यात घाट चढताना पेट्रोलची नळी तापायची, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद. उपाय काय, तर पंपावर ओलं फडकं! गिअरच्या लांबलचक दांड्यांचे बुश झिजले की गिअर अडकायचा. मग बॉनेट उघडून दांडी हाताने हलवायची. पॉइंट काळे पडले की सँडपेपरने घासायचे. आजोबा हे सगळं स्वतःच करायचे.

गंमत म्हणजे यामुळेच ती स्वस्तात दुरुस्त व्हायची. दुखणी सगळ्यांची सारखीच, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती तोंडपाठ. शिवाय मुंबईत हजारो टॅक्स्या याच, म्हणजे जुने पार्टही मुबलक. खर्च व्हायचा तो वेळ. रविवारची सकाळ गेलीच म्हणून समजा.

1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि लोकांना कळलं की गाडी रोज सकाळी मुकाट्याने सुरू होऊ शकते. तरी पद्मिनी 2000 सालच्या आसपासपर्यंत बनत राहिली. टॅक्सी म्हणून शेवटची 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने 2023 च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून उतरली. टॅक्स्या गेल्या, तसं पार्टचं दुकान आणि ते तोंडपाठ असलेले हात, दोन्ही कमी झाले.

राहता राहिला पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून तळाचा गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, तो हाडाचा रोग. पंप शंभरदा दुरुस्त करा, तळ कुजला की गाडी संपली. जुनी फियाट घेणाऱ्याने म्हणूनच इंजिनचा आवाज नंतर ऐकावा, आधी मॅटिंग उचलून बघावं.

आमचं या वर्षी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आहे, म्हणजे तपासणी आलीच. काकांना विचारलं, "अर्धं काम आत्ता, अर्धं पुढच्या वर्षी चालेल का?" ते म्हणाले, "गंज थांबणारे का वर्षभर?"

असो. साठ हजार मोजले. बाबा अजून बोलत नाहीत, पण रविवारी सकाळी फडकं घेऊन खाली तेच गेले होते.