ऑईल इंजिनचे अंतर्गत दोषनिदान : जालना जिल्ह्याच्या कृषी-इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :
मराठवाड्यातील सिंचनाचा इतिहास लिहिताना विहिरी, धरणे व दुष्काळ यांची दखल घेतली जाते. विहिरीच्या काठावरील ऑईल इंजिन व ते दुरुस्त करणारा मिस्त्री मात्र उपेक्षित राहतो. जुन्या इंजिनातील बिघाड ओळखण्याच्या पद्धतीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ मध्ये झाली, तेव्हा जालना परिसर हैदराबाद संस्थानात होता. हा भाग १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा बनला. दरम्यानच्या काळात मोटेची जागा प्रथम इंजिनाने व पुढे विजेच्या पंपाने घेतली.

निदानाची पद्धती :
इंजिन उघडणे म्हणजे खर्च आणि उभ्या पिकाचे पाणी तुटणे. म्हणून बाहेरूनच परीक्षा करणे महत्त्वाचे ठरे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते, अर्थात रिंगा वा लायनर झिजले. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. हॅण्डल फिरवताना दाब जाणवत नसेल, तर सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडून ते पुन्हा फिरवावे. दाब वाढल्यास दोष रिंगांचा वा लायनरचा. न वाढल्यास संशय वॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. ऑईल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी शिरलेले असते. जड ठोका व ऑईलमधील चकाकणारे कण बेअरिंगची झीज सुचवितात. कोकणातील यांत्रिक होड्यांच्या इंजिनांनाही हीच लक्षणे लागू पडतात. तेथे खाऱ्या पाण्याच्या गंजाची भर पडते.

दुष्काळाचा ठसा :
पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांना पंपाने उपसलेलेच पाणी फिरविले जाई. विहिरीने तळ गाठला की पिकाबरोबर इंजिनाचेही पाणी तुटे. मग इंजिन तापून पिस्टन धरला जाई, लायनरवर ओरखडे पडत, प्रसंगी हेडला तडा जाई. १९७२ सारख्या दुष्काळात भूजलाच्या ऱ्हासाची किंमत शेतकऱ्याला अशा प्रकारेही मोजावी लागू शकत होती. ओरखडलेला लायनर एकट्याने दुष्काळ सिद्ध करीत नाही, कारण तेलाच्या अभावीही ओरखडे पडतात. परंतु मालकाची आठवण व विहिरीची पातळी यांच्या जोडीने तो पुरावा ठरू शकतो.

समारोप :
हे ज्ञान कान, हात व डोळे यांच्या आधारे एका पिढीकडून दुसरीकडे आले. त्याचे लेखन क्वचितच झाले. ते जाणणारे मिस्त्री आता वृद्ध होत आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखती वेळीच ध्वनिमुद्रित केल्यास मराठवाड्याच्या पाण्याच्या इतिहासाला श्रमिकांची बाजू लाभेल, असे म्हणता येईल.