हौजांच्या वाटा
दिल्लीला पावसाचा लहरीपणा नवा नाही. म्हणूनच तेराव्या शतकात इल्तुतमिशने मेहरौलीला हौज-ए-शम्सी बांधला आणि पुढे अलाउद्दीन खिलजीने हौज-ए-अलाई, म्हणजे आजचा हौज खास. पण नुसते बांधून भागत नाही. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने ‘फुतूहात’मध्ये नोंदवले आहे: शम्सीत येणारे ओहोळ लोकांनी अडवले होते, अलाई गाळाने भरला होता, त्यात शेती होत होती, विहिरी खणून पाणी विकले जात होते. त्याने ओहोळ मोकळे केले, गाळ उपसला.

जून २०२४मध्ये दिल्लीच्या वस्त्या टँकरपुढे रांगा लावून होत्या. २८ तारखेला सफदरजंगला चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस झाला, रस्ते बुडाले. तहान आणि पूर एकाच महिन्यात. हवामान यापुढे असेच वागणार असेल, तर फिरोजशाहचे ते काम शहराला पुन्हा हाती घ्यावे लागेल.