डोळ्यांच्या तातडीच्या तक्रारी (वऱ्हाड)

रुग्णालयाच्या अपघात विभागात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या कॅज्युअल्टीत, येणाऱ्या डोळ्यांच्या इजा आणि एकाएकी उद्भवलेले विकार. अकोल्यात रुग्ण जठारपेठेतल्या घरातून आलेला असो की पातूर-बार्शीटाकळीच्या शिवारातून, त्याचे सरकारी ठिकाण म्हणजे सर्वोपचार रुग्णालय. २००२ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. अमरावतीत लोक इर्विनला, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात, जातात. शहरातला माणूस बहुधा त्याच दिवशी पोचतो, शेतातला कित्येकदा चार-सहा दिवसांनी, आणि तेवढ्यावर डोळ्याचे भवितव्य ठरते.

इथली सर्वांत घातक इजा दिसायला किरकोळ असते. तूर सोंगताना फाटा लागतो, पऱ्हाटी उपटताना काडी उडते, मळणीयंत्रापुढे डोळ्यात कुटार जाते. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. पदराचा बोळा करून, त्यात फुंकर मारून डोळा शेकला जातो, कोणी गुलाबपाणी सुचवते, कोणी दूध. आणि हंगाम अंगावर असल्याने माणूस पुन्हा कामाला लागतो. काडीसोबत फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस बुरशी शिरली असेल, तर काही दिवसांत बुबुळावर पांढुरका व्रण दिसू लागतो. नेमके याच वेळी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब येतात. लाली उतरते, बरे वाटते, आत बुरशी फोफावते. मग नाटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब कित्येक आठवडे घालावे लागतात. डोळा वाचला तरी फूल पडतेच, आणि ते बाहुलीसमोर असेल तर नजर अधू होते.

हे टाळता येते. नेपाळमधल्या भक्तपूरला गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी ओरखडा ओळखून तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम लावले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या एकालाही व्रण झाला नाही. तूर-कापसाच्या हंगामात वऱ्हाडातल्या गावोगावी अशी सोय व्हायलाच हवी.

चुन्याला तासांची नव्हे, मिनिटांची मुदत असते. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली जाते आणि लेकराच्या डोळ्यात चिळकांडी उडते. चुना अल्कली असल्याने बहुतेक आम्लांपेक्षा खोल मुरतो. म्हणून केसपेपर आणि नजरेची तपासणी नंतर. आधी घरीच, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास धुणे. रुग्णालयात वरची पापणी उलटून अडकलेले कण काढतात आणि डोळ्यातला सामू ७ च्या आसपास येईपर्यंत सलाईन सोडतात. फटाक्याने किंवा विटीने डोळा फाटल्याची शंका असेल, तर मात्र धुवायचे नाही, दाबायचेही नाही. वरून कागदी कप पालथा चिकटवून न्यायचे.

उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग करणाऱ्याला दिवसभर काही वाटत नाही. ६ ते १२ तासांनी, भर रात्री, डोळ्यात वाळू भरल्यागत होते. एक-दोन दिवसांत बुबुळ भरून येते. तपासताना घातलेल्या बधिर करणाऱ्या थेंबांनी लगेच आराम पडतो, तरी ते घरी देत नाहीत, कारण त्यांनी जखम भरणे लांबते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, डोळ्यांतून पाणी वाहते, अंधुक दिसते. असा रुग्ण डोळ्यांची तक्रार घेऊन आला तरी आधी श्वास आणि नाडी पाहावी लागते.

गर्दी होते ती डोळे येण्याची. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ पसरली. ही लाली सहसा आपोआप ओसरते. काचबिंदूच्या झटक्यातही डोळा लाल होतो. पण सोबत एका बाजूचे डोके असह्य दुखते, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. पित्त म्हणून त्यावर रात्र काढली जाते.

न दुखता एकाएकी गेलेली नजर त्याहून फसवी. दृष्टिपटलाची रक्तवाहिनी तुंबली तर मोजके तासच हाती असतात. बीपी-शुगरच्या रुग्णात हा लकव्यासारखाच प्रकार समजून मेंदू आणि हृदयाच्या तपासण्याही त्याच दिवशी कराव्या लागतात.