सिंगल क्लायंट ॲक्सेस नेम
सिंगल क्लायंट ॲक्सेस नेम (संक्षेप: स्कॅन) हे ओरॅकल रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स (आरएसी) या डेटाबेस प्रणालीतील संपूर्ण क्लस्टरला दिले जाणारे सामाईक नाव होय. डीएनएसमध्ये हे नाव सामान्यतः तीन आयपी पत्त्यांशी जोडलेले असते. ही सुविधा २००९ मध्ये ओरॅकल ११जी रिलीज २ या आवृत्तीत आली.

पार्श्वभूमी
आरएसीमध्ये एकच डेटाबेस अनेक संगणकांवरून (नोडवरून) एकाच वेळी चालविला जातो. स्कॅन येण्यापूर्वी प्रत्येक ग्राहक-संगणकावरील जोडणीच्या फाइलीत सर्व नोडचे पत्ते लिहावे लागत. नोड वाढला वा काढला की शेकडो ठिकाणच्या फाइली बदलणे आले, आणि त्यांतील काही हमखास सुटत.

डीएनएस नोंदी
दोन नोडच्या क्लस्टरसाठी सार्वजनिक जाळ्यावर सात पत्ते लागतात: प्रत्येक नोडचा एक स्थिर पत्ता, प्रत्येकाचा एक आभासी पत्ता (व्हीआयपी) आणि स्कॅनचे तीन. स्कॅनच्या नावाने तीन स्वतंत्र 'ए' नोंदी केल्या जातात. पत्त्यावरून नाव शोधता यावे म्हणून उलट नोंदीही ठेवणे श्रेयस्कर. तिसरा नोड आल्यास आणखी दोन पत्ते लागतात, स्कॅनच्या नोंदी मात्र तशाच राहतात. नोडना आपसांत जोडणाऱ्या खासगी जाळ्याचे पत्ते डीएनएसमध्ये नोंदविण्याची आवश्यकता नसते.

आभासी पत्ते आणि स्कॅनचे पत्ते प्रतिष्ठापनेपूर्वी कोणत्याही यंत्राला दिलेले नसावेत. क्लस्टरचे सॉफ्टवेअर ते स्वतः कार्यान्वित करते. स्कॅनचे नाव डीएनएसऐवजी होस्ट्स फाइलीत लिहिल्यास त्यातून एकच पत्ता मिळतो. प्रतिष्ठापना तरीही पूर्ण होते, म्हणूनच ही चूक बराच काळ लक्षात येत नाही. क्लस्टरने स्वतःच नावे सांभाळावीत असे वाटल्यास ग्रिड नेमिंग सर्व्हिस (जीएनएस) हा पर्याय आहे. त्यासाठी उपक्षेत्राची जबाबदारी जीएनएसकडे सोपवावी लागते.

जोडणीचा क्रम
ग्राहकाने नाव विचारताच डीएनएस तिन्ही पत्ते दर वेळी फिरत्या क्रमाने देते. त्यांपैकी एका पत्त्यावरील स्कॅन लिसनर कमी भार असलेला नोड निवडतो आणि ग्राहकाला त्या नोडच्या आभासी पत्त्याकडे पाठवितो. त्यामुळे ग्राहकाकडून केवळ स्कॅनचे पत्ते गाठता येणे पुरेसे नाही. फायरवॉलमध्ये आभासी पत्ते बंद असतील, तर पहिली पायरी यशस्वी होऊनही जोडणी अडते. दोष डीएनएसचा नसतो, पण संशय बहुधा तिथेच घेतला जातो.

नोड बंद पडल्यास त्याचा आभासी पत्ता दुसऱ्या नोडवर जातो. तेथे तो नव्या जोडण्या स्वीकारत नाही, तर तत्काळ नकार देतो. हा नकारच उपयुक्त असतो, कारण प्रतिसादाची वाट पाहण्यात वेळ न दवडता ग्राहक पुढच्या पत्त्याकडे वळतो.

बदल आणि मर्यादा
डीएनएसमधील स्कॅनचे पत्ते बदलले, तरी क्लस्टरला ते आपोआप कळत नाहीत. स्कॅन व त्याचे लिसनर थांबवून 'एसआरव्हीसीटीएल' या आज्ञावलीने नाव पुन्हा वाचवून घ्यावे लागते. ग्राहकांकडे साठविलेली जुनी उत्तरे नोंदीची मुदत संपेपर्यंत टिकतात. म्हणून ही मुदत बदलापूर्वीच कमी करून ठेवतात. डीएनएस सर्व्हर बंद पडल्यास सुरू असलेल्या जोडण्या चालू राहतात, परंतु डेटाबेस सुस्थितीत असूनही नव्या जोडण्या होत नाहीत. एकाच डीएनएस सर्व्हरवर विसंबलेल्या क्लस्टरमध्ये कितीही नोड असले, तरी ही अडचण टळत नाही.