जननेंद्रियावरील चामखीळ व धाराशिवची पाहणी

मानवी पॅपिलोमा विषाणूच्या संसर्गाने जननेंद्रिये व गुदद्वार यांच्या आसपास उठणाऱ्या मऊ, मांसल उंचवट्यांना जननेंद्रियावरील चामखीळ म्हणतात. ती प्रायः लैंगिक संबंधांतून पसरते. सुश्रुतसंहितेत या भागांवरील मांसांकुरांचे वर्णन अर्शाबरोबर (मूळव्याधीबरोबर) आले आहे. यूरोपात ती दीर्घकाळ उपदंश वा परमा यांचेच लक्षण मानली जाई. १९०७ मध्ये जूझेप्पे च्यूफो या इटालियन वैद्याने साध्या चामखिळीच्या गाळलेल्या अर्कापासून ती पुन्हा उत्पन्न करून दाखविली व तिचे मूळ विषाणूत असल्याचे दिसून आले. मराठीत अशा रोगांविषयी मोकळेपणाने लिहिण्याचे धैर्य र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून दाखविले.

बहुतेक चामखिळी विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांमुळे होतात. लेप, दहन वा गोठविणे यांनी त्या काढता येतात. त्यांतून कर्करोग क्वचितच उद्‌भवतो. भय आहे ते १६ व १८ यांसारख्या प्रकारांचे. त्यांचे बाह्य चिन्ह नसते. मात्र संसर्ग वर्षानुवर्षे टिकल्यास गर्भाशय ग्रीवेचा कर्करोग होऊ शकतो. हा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये उपलब्ध झालेली लस या चारही प्रकारांवर आहे. परंतु आधीच जडलेला संसर्ग लसीने बरा होत नाही. प्रौढ स्त्रियांसाठी तपासणीचेच महत्त्व राहते.

या तपासणीचे मोल धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात सिद्ध झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील लीआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये ही पाहणी सुरू केली. ग्रामीण भागातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया खेड्यांच्या ५२ समूहांतून निवडून त्यांचे चार गट पाडले. एका गटाची विषाणूसाठी, दुसऱ्याची पेशींची, तर तिसऱ्याची ॲसिटिक अम्ल लावून डोळ्यांनी, अशी प्रत्येकी एकदाच तपासणी योजली होती. चौथा गट प्रचलित आरोग्यसेवेवरच ठेवला. आठ वर्षांत विषाणू-तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४, तर चौथ्या गटात ६४ मृत्यू झाले. दोन्ही गटांची संख्या मात्र जवळजवळ सारखीच होती. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे विषाणू-तपासणीला जगभर आधार मिळाला.

चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे तीव्र वाद झाला. जिल्ह्यात तेव्हा अशी सार्वत्रिक सोयच नव्हती, म्हणून त्यांचे काही हिरावले गेले नाही, असे समर्थकांचे म्हणणे. पेशी-तपासणीची उपयुक्तता इतर देशांत आधीच ठरलेली असताना त्या स्त्रियांना तिच्यापासून दूर ठेवले, हा टीकाकारांचा आक्षेप. तो सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही. मात्र याच जिल्ह्यात पेशी-तपासणी अपुरी पडली, हेही याच पाहणीमुळे कळले.