पाळणा आणि गिरणी

मुंबईच्या गिरणगावात 1920 च्या सुमारास कामावर निघणाऱ्या आईपुढे रोज एकच प्रश्न उभा राही: तान्ह्या मुलाचे काय करावे? चाळीच्या खोलीत सांभाळणारे कोणी नसले, तर कितीतरी आया मुलाला अफूची बारीकशी गोळी देऊन निजवीत. या आया निष्ठुर नव्हत्या. निष्ठुर होता तो गिरणीचा भोंगा. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद झाली. बरीच बाळंतपणे गावी होत असल्यामुळे हा आकडा काहीसा फुगलेला होता, हे खरे. तरीही तो वाचताना मन चरकते.

1928 साली मुंबई कायदे मंडळात स्त्री-कामगारांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक आले, तेव्हा उद्योगाला हा बोजा झेपणार नाही, असा आक्षेप निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी मंडळाचे सभासद होते. त्यांचे प्रतिपादन भावनेचे नव्हते, हिशेबाचे होते. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून सरकारने या खर्चाचा भार उचलला पाहिजे; पण मालक स्त्रियांना कामावर घेतो तो त्यात त्याचा लाभ असतो म्हणून, तेव्हा त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असे त्यांनी मांडले. 1929 साली कायदा झाला. असा कायदा देशात प्रथमच होत होता. मात्र भत्त्याचा सारा भार एकट्या मालकावर पडला.

पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत तेथे पाळणाघर सक्तीचे केले. 1976 साली ही मर्यादा तिसांवर आली. हेतू स्तुत्य होता. परंतु मोजणी स्त्रियांची होती. जितक्या स्त्रिया कमी, तितकी जबाबदारी कमी, असा सोयीचा हिशेब मांडण्यास त्यामुळे वाव राहिला. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण तर घटतच गेले. नवी यंत्रे, रात्रपाळीवरील बंदी अशी त्याची अनेक कारणे होती. पण स्त्री-कामगार महाग पडते ही समजूतही त्यांपैकी एक होती.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मुलाच्या संगोपनाचा खर्च केवळ आईच्या नावावर लिहिला, तर तो अखेर तिच्याच पोटावर येतो; तो सर्वांनी वाटून घेतला, तर कोणालाच जड होत नाही. 1948 च्याच कामगार राज्य विमा कायद्याने प्रसूतीभत्ता समाईक निधीतून देण्याची वाट दाखविली. 2017 च्या दुरुस्तीने पाळणाघरासाठी स्त्री-पुरुष असा भेद न करता पन्नास कर्मचाऱ्यांची मोजणी धरली. एवढा साधा न्याय कायद्यात येण्यास जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

उद्योगपतींनी याकडे दानधर्म म्हणून पाहू नये. यंत्राला तेलपाणी घालणे यास कोणी दान म्हणत नाही. मूल सुरक्षित आहे हे ठाऊक असलेली आई निश्चिंत मनाने काम करते. आणि आज पाळण्यात असलेले मूल वीस वर्षांनी कारखान्याच्या दारात उभे राहते. ते कोणत्या शरीराने आणि कोणत्या बुद्धीने उभे राहील, हे ठरण्यास पाळण्यातच प्रारंभ झालेला असतो.